उजवीकडची तिसरी फांदी

ती फांदी मी मोडली. स्पिरिटच्या दिव्यावर चाकू तापवला, मेणाच्या झाडाच्या खोडाला लागून उजवीकडे निघालेली फांदी कापली आणि उरलेला खुंट त्याच पात्यानं सपाट केला. मग लिहून दिलं की त्या जागी गळती झाली होती. त्या लिहिण्यापायी एका माणसाची बढती गेली. तीन वर्षांनी नागपूरला चार विद्वानांसमोर मी असंही म्हणालो की फांदी त्याच माणसाच्या हातून तुटली. एवढं सगळं आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी स्वतःची बाजू सावरू लागलो तर वाचणाऱ्याच्या ते लक्षात येईल.

मी वाशीमच्या कॉलेजात गणित शिकवतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आमची विज्ञान शाखा नवी होती. जीवशास्त्राची प्रयोगशाळा म्हणजे एक लांब खोली, चार टेबलं, दोन सूक्ष्मदर्शक आणि एक लोखंडी कपाट. त्या खोलीचे खरे मालक म्हणजे तिथले परिचर. त्यांना सगळे मामा म्हणत, मुलंही आणि आम्हीही. अनसिंगचे, बौद्ध समाजातले, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. सकाळच्या पहिल्या एस.टी.नं येत, केर काढत, बरण्या पुसत, बेडूक पकडून आणत आणि प्राध्यापकांच्या आधी विच्छेदन करून ठेवत. चाळिशीत त्यांनी बाहेरून मॅट्रिकची परीक्षा दिली आणि पास झाले. कारण उघड होतं. प्रयोगशाळा सहायकाची जागा निघणार होती आणि तिला मॅट्रिक लागत होतं. सहायक झालं की केर काढायचा नाही, रजिस्टरवर सही करायची आणि बसायला स्वतःची खुर्ची मिळायची. मामा त्या खुर्चीबद्दल कधी बोलत नसत, पण कपाटामागची मोडकी खुर्ची त्यांनी स्वतः दुरुस्त करून, पॉलिश मारून ठेवलेली मी पाहिली होती.

मला त्या काळात एका प्रश्नानं झपाटलं होतं. नागपूरच्या ग्रंथालयातून आणलेल्या एका नियतकालिकात मी वाचलं की गर्भाच्या छातीत फुफ्फुस सुरुवातीला एक साधी नळी असते. तिला फाटे फुटतात, फाट्यांना फाटे फुटतात आणि जन्मापर्यंत त्या नळीचं उलटं टांगलेलं झाड होतं. मला वाटलं, हे झाड गणितात मांडता येईल. इतकी फुटवण कुणी सांगून होत नाही, म्हणजे तिच्यामागे एखादा लहानसा नियम असला पाहिजे, पुन्हा पुन्हा लागू होणारा.

नियम मी आठवड्यात केला. नळी ठरावीक लांबीची झाली की टोकाशी तिच्या दोन नळ्या होतात. दोन्ही नव्या नळ्या सारख्या, प्रत्येक मूळ नळीच्या चार पंचमांश जाडीची. एकाचे दोन, दोनाचे चार; दहाव्या वेळी हजाराच्या वर टोकं. आलेखकागदावर ते झाड काढलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी ते शिक्षकांच्या खोलीत भिंतीला लावलं. आमच्या गावातून, रिसोडकडच्या एका खेड्यातून, एम.एस्सी. झालेला मी पहिला. आता माझं नाव छापून येणार, याबद्दल मला शंका उरली नव्हती.

पण कागदावरचं झाड खऱ्या झाडाशी ताडून पाहायला हवं होतं. म्हणून मी मामांकडे गेलो.

"मामा, शेळीच्या फुफ्फुसाच्या आतल्या नळ्या मोजायला मिळतील का?"

"फोपसा कापला तं नळ्या दिसतेत, पण साऱ्या नाई दिसत," मामा म्हणाले. "मेण भरून पाहू. वरचं मास गाळून टाकू. मंग आतलं झाड राहीन."

ही युक्ती त्यांना जीवशास्त्राच्या प्रमुखांनी एका पुस्तकातून वाचून दाखवली होती. करून पाहिली नव्हती कुणीच. मामांनी ती केली. मटणाच्या दुकानातून श्वासनळीसकट अख्खं फुफ्फुस आणलं. ते कोमट पाण्यात ठेवलं, कारण थंड फुफ्फुसात मेण वाटेतच गोठतं. मेणबत्त्या वितळवून त्यात शेंदूर घातला आणि ते लाल मेण काचेच्या नळीनं थेंबथेंब सोडलं. एका हातानं मेण ओतायचं, दुसऱ्या हातानं फुफ्फुस हळूहळू थोपटायचं. गार झाल्यावर ते कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात आठ दिवस बुडवून ठेवलं. आठ दिवसांनी नळाच्या बारीक धारेखाली धरलं तेव्हा बुळबुळीत मांस वाहून गेलं आणि मामांच्या तळहातावर एक लाल झाड उरलं. मी आजवर हाताळलेल्या वस्तूंमध्ये तितकी सुंदर वस्तू दुसरी नाही.

फक्त त्यात एक दोष होता. खोडाच्या टोकाशी दोन फाटे होते, माझ्या नियमाप्रमाणे. पण त्या फाट्याच्या वर, खोडाच्या उजव्या बाजूनं, एक जास्तीची फांदी निघाली होती.

"मामा, हे काय?"

"तिकडून निघतेच सर ते."

"निघते म्हणजे? नळीला भोक पडलं असेल, मेण बाहेर आलं असेल."

"भोक नाई सर. बकरीले असतेच."

"असतेच कसं म्हणता? तुम्ही किती पाहिल्या?"

मामा हसले. "तुमी किती पायल्या, सर?"

मी एकही पाहिली नव्हती. आमच्या घरात मटण शिजत नसे. शेळीचं पोट उघडलेलं मी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. त्या हसण्याचा मला राग आला. त्या रागात केवळ गणित नव्हतं, हेही इथं सांगायला हवं. तोच प्रश्न जीवशास्त्राच्या प्रमुखांनी केला असता तर मी खाली मान घालून ऐकलं असतं. मामांकडून ते ऐकायला माझं शिक्षण आणि माझं घराणं, दोन्ही तयार नव्हती.

मी दुसरं झाड करायला सांगितलं. त्यातही ती फांदी. तिसरं केलं, तिसऱ्यातही. त्याच जागी, त्याच बाजूला. आता कुणीही समजदार माणूस म्हणेल की तीनदा त्याच ठिकाणी जे येतं ते शेळीचं असतं. पण मी तर्क लढवला. कसाई फुफ्फुस आकड्याला टांगतो. आकडा श्वासनळीत घुसतो. कसाई उजव्या हातानं काम करतो, म्हणून भोक दर वेळी एकाच बाजूला पडतं. हा तर्क मी फळ्यावर आकृती काढून मामांना समजावून सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फळा पुसला.

दुसऱ्या दिवशी गावातले फोटोग्राफर बारा वाजता येणार होते. माझ्या निबंधासाठी झाडाचा फोटो हवा होता. मामा ऑफिसात गेले होते. खोलीत मी एकटा होतो. मी दिवा पेटवला.

तिन्ही झाडांच्या फांद्या कापून मी कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. फोटो उत्तम आला.

महिनाभरानं सहायकाच्या जागेसाठी संस्थेनं मामांच्या कामाबद्दल अभिप्राय मागवले. प्रमुखांनी चांगलं लिहिलं. त्यांनीच मला म्हटलं, "तुमच्यासाठी एवढं काम केलं त्यानं, दोन ओळी तुम्हीही द्या." मी दोन ओळी दिल्या. त्या मला पाठ आहेत. 'नमुने करण्याची आवड आहे, परंतु हाताची सफाई कमी पडते. तिन्ही नमुन्यांत गळती आढळली व ती मला स्वतः दुरुस्त करावी लागली.'

असं का लिहिलं? फोटोतली फांदी मी काढली होती, हे उद्या कुणाला कळलं तर कारण कागदावर तयार असावं, म्हणून. मामांचं वाईट करावं असं माझ्या मनात नव्हतं. त्यांचा विचारच माझ्या मनात नव्हता, आणि आज मला ते जास्त लागतं.

जागा दुसऱ्याला मिळाली. मामांना कारण कळवलं गेलं, कारण त्यांनी ते लेखी मागितलं होतं. त्यानंतर त्यांनी मला एक शब्द विचारला नाही. नमस्कार करत, काम सांगितलं तर करत. फक्त आपण होऊन काही सांगणं त्यांनी बंद केलं. पॉलिश केलेली खुर्ची पुन्हा कपाटामागे गेली. मला वाटलं, माणूस नाराज आहे, विसरेल.

माझा निबंध रखडत रखडत तीन वर्षांनी नागपूरच्या एका परिषदेत वाचायला मिळाला. मी आत्मविश्वासानं वाचला. आकडे जुळले होते, आकृत्या स्वच्छ होत्या, शेवटी फोटो दाखवला. समोरच्या रांगेत जनावरांचं शरीरशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ बसले होते. सत्र संपल्यावर ते टेबलाशी आले, फोटो डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "हे माणसाचं आहे का?"

"नाही सर, शेळीचं."

"शेळीचं? मग हिची तिसरी कुठं गेली?"

"तिसरी?"

"अहो, शेळी, मेंढी, गाय, डुक्कर, यांना उजवीकडे वरच्या खंडाला श्वासनळीतूनच वेगळी फांदी असते. दोन फाटे व्हायच्या आधी. पहिल्या वर्षाच्या मुलालाही आम्ही ती दाखवतो." आजूबाजूला तीन-चार जण जमले होते. "ही शेळी तुम्ही वाशीमहून आणली की स्वर्गातून?"

सगळे हसले. आणि मी म्हणालो, "आमच्या अटेंडंटच्या हातून तुटली असावी."

म्हाताऱ्यानं फोटो पुन्हा पाहिला. "तुटल्यासारखी दिसत नाही. कुणीतरी निगुतीनं काढलेली दिसते," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून त्यांनी फोटो टेबलावर ठेवला आणि चहाला निघून गेले.

परतीच्या गाडीत मी दोन गोष्टी ठरवल्या. एक, आपण फुफ्फुस स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. दुसरी आधी ठरवायला हवी होती, पण ती अकोल्यापर्यंत टाळली आणि अकोल्याहून पुढं, वाशीमच्या अलीकडचं मालेगाव येईपर्यंत तिच्यावर विचार केला. मामांना सांगायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा मटणाच्या दुकानात गेलो. दुकानदारांनी मला ओळखलं. "आओ साब. आज इकडे कसे?"

"फुफ्फुस पाहायचंय. श्वासनळीसकट."

त्यांनी एक उचललं, नळी उभी चिरली आणि आतल्या बाजूला, फाट्याच्या वर, करंगळीचं टोक घातलं. ते उजव्या खंडात सरळ आत गेलं. "ये देखो. ये तिसरा रस्ता. सब बकरीले होते."

"आकड्यानं भोक पडतं का इथं?"

ते हसत सुटले. "तुमचे मामाबी हेच विचारून गेल्ते! तीन साल झाले असतीन. मी बोल्लो, मामा, आकडा आम्ही वरतून नळीच्या हाडाले मारतो, हे भोक तं खुदानं देलं हाय. तं ते बोल्ले, माह्या सरले कोन सांगीन!"

म्हणजे मी फळ्यावर मांडलेला तर्कही मामांनी येऊन तपासला होता. मी माझं एकही विधान तपासलं नव्हतं.

मी तसाच प्रयोगशाळेत गेलो. मामा बरण्या पुसत होते. मी म्हणालो, "मामा, ती फांदी खरी होती. शेळीला असतेच. तुम्ही बरोबर होता."

"हो," मामा म्हणाले आणि पुसत राहिले.

"आणि ती..." मी पुन्हा सुरुवात केली. "ती मी कापली होती."

"मालूम हाय मले."

"कसं?"

मामांनी फडकं खांद्यावर टाकलं. "केर तं मीच काढतो ना, सर."

त्यांनी लोखंडी कपाट उघडलं. खालच्या खणात मागं एक काड्यापेटी होती. आत कापसावर तीन लाल फांद्या ठेवल्या होत्या. एकेका फांदीला पुढं बारीक फाटे होते, त्या फाट्यांना आणखी बारीक. "गळलेलं मेण असं राहते काय सर? गळलं असतं तं गोळा झाला असता. याले तं सारी फुटवन हाय." मग फांदीचं मुळाकडचं टोक त्यांनी माझ्यासमोर धरलं. "आन् हे पाहा. वितळेल हाय. हातानं मोडली असती तं खरबडीत दिसली असती."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"कोनाले सांगू? तुमी लेखी देल्लं होतं. माह्याजवळ काय, काड्यापेटी."

मी माफी मागायला तोंड उघडणार, तेवढ्यात माझं लक्ष वरच्या खणाकडे गेलं. तिथं छोट्या बरण्यांची एक रांग होती. प्रत्येकीत काचपट्टीवर काहीतरी बारीक, लालसर. मी विचारलं आणि मामांनी सांगितलं. कापलेल्या शेळीच्या पोटात कधी कधी पिल्लू निघतं. दुकानदार ते फेकून देत. तीन वर्षांत मामांनी अशी अकरा पिल्लं मागून आणली होती, वेगवेगळ्या वयाची. त्यांची फुफ्फुसं काढून, कार्मिनमध्ये रंगवून, ग्लिसरीनमध्ये पारदर्शक करून लहान ते मोठी अशी लावून ठेवली होती. पहिलं मुगाच्या दाण्याहून लहान होतं, शेवटचं चिंचोक्याएवढं.

"हे कशासाठी केलं, मामा?"

"खरं काय हाय ते पाहाले. दुसरं काय?"

मी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक काचपट्टी ठेवू लागलो, आणि माफी राहून गेली. हेही कबूल केलंच पाहिजे. गणिताच्या नादात मी माफी आणखी दोन महिने पुढं ढकलली. पण जे दिसलं ते सांगतो. पहिल्या बरणीत एक नळी आणि तिच्या टोकाशी दोन पिशव्या. दुसरीत, फाट्याच्या वर, उजवीकडे एक फुगवटा. तीच माझी तिसरी फांदी, जन्माला येताना. पुढच्या बरण्यांमध्ये मुख्य नळी सरळ वाढत जात होती आणि तिच्या बगलांमधून ओळीनं कळ्या निघत होत्या. टोकाशी दोन होणं फार उशिरा, बारीक फांद्यांमध्ये दिसत होतं. माझा नियम त्या झाडाचा शेवट सांगत होता आणि सुरुवात सोडून देत होता.

"पऱ्हाटी पायली ना तुमी?" मामा मागून म्हणाले. "शेंडा आपला सरका वर जाते. फांद्या बगलेतून निघतेत. तुमच्या बापाच्या वावरात पऱ्हाटी नाई काय?"

होती. चाळीस एकरांत होती. मी लहानपणापासून कपाशीच्या ओळींमधून चाललो होतो.

मी नवा नियम मांडला. नळीच्या भिंतीवर जिथं कळी फुटते, तिथून एक रस आजूबाजूला पसरतो आणि जवळ दुसरी कळी फुटू देत नाही. नळी वाढते, अंतर पडतं, रस विरळ होतो, तिथं पुढची कळी फुटते. जागा उरेनाशी झाली की मग टोकंच दुभंगू लागतात. असा रस खरोखर असतो की नाही हे मला माहीत नव्हतं आणि मी तसं निबंधात लिहिलंही. पण असं धरून चाललं तर काय होईल ते आकडे सांगू शकत होते. मी आलेखकागदाच्या एका लांब पट्टीवर घरं पाडली. प्रत्येक घरात रसाचा आकडा. एका पावलाला प्रत्येक घराचा नवा आकडा शेजारच्या दोन घरांवरून काढायचा आणि नव्या पट्टीवर लिहायचा. यंत्र नव्हतं. मामा आकडे मोठ्यानं वाचत आणि मी बेरजा-भागाकार करत असे. कॉलेज सुटल्यावर सहाच्या एस.टी.पर्यंत आमचं हे चाले.

"सर, पाचवं घर चुकलं."

"कुठं चुकलं?"

"दोन्हीकडचे आकडे घटले आन् मधातला वाढला कसा? हवेतून आला काय?"

पाहिलं तर खरोखर चुकलं होतं. मामा तेव्हापासून प्रत्येक पट्टी माझ्यामागं तपासत. सोळाव्या पट्टीवर पहिली कळी फाट्याच्या वर आली, बाजूनं. ती उजवीकडेच का येते, हे माझ्या गणितानं सांगितलं नाही. त्यासाठी उजवी बाजू आधी जागी होते असं धरावं लागलं. तरी ती आली. मी टेबलावर थाप मारली. मामांनी पट्टीकडे पाहिलं, मग बरणीकडे पाहिलं आणि मान हलवली.

त्या दिवशी निघताना ते दारात थांबले. "सर, तुमचं गणित तं सुधरलं. माह्या कागदाचं काय?"

मी हात जोडले. "मामा, मला माफ करा. माझ्याकडून फार मोठा..."

"हात कायले जोडता?" त्यांनी मला मध्येच थांबवलं. "इथं या खोलीत मले तुमी चांगलेच बोलता. ते मले पायजे नाई. जिथं लिहिलं, तिथं लिहा. ज्याइनं वाचलं, त्याइले ऐकवा. मंग माफीचं पाहू." एस.टी. चुकू नये म्हणून ते भरभर निघून गेले.

मी प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं आणि दार लावून घेतलं. "अहो, जुनं कशाला उकरता? त्याला चहा पाजा, चार शब्द गोड बोला, मिटवा. संस्थेकडे लेखी गेलं तर तुमच्यावरच शेकेल. परिषदेतही तुम्ही खोटं बोललात, तेही निघेल."

"निघू द्या," मी म्हणालो. "ते मीच लिहिणार आहे."

"आणि त्याचं काय होणार यानं? जागा तर भरली."

हे खरं होतं. पुढं वर्षभरानं दुसरी जागा निघाली आणि ती मामांना मिळाली, पण मधल्या वर्षांची ज्येष्ठता त्यांना कुणी परत दिली नाही आणि देणारही नाही. ज्याची पहिली नेमणूक झाली तो आज त्यांच्या वर आहे, वयानं वीस वर्षांनी लहान. मला ताकीद मिळाली आणि माझी एक वेतनवाढ थांबली. ही तुलना करायलाही मला लाज वाटते. नव्या निबंधावर आम्हा दोघांची नावं आहेत. एका संपादकांनी विचारलं की दुसरे लेखक कोणत्या पदावर आहेत, तेव्हा मी खरं ते कळवलं, आणि निबंध परत आला. दुसरीकडे पाठवला आहे.

पण मला सांगायचं आहे ते संस्थेला दिलेल्या त्या अर्जाबद्दल. मी तो लिहिला आणि देण्याआधी मामांना वाचून दाखवला, प्रयोगशाळेत, त्याच टेबलाशी. मी लिहिलं होतं, 'सदर फांदी माझ्या हातून अनवधानाने कापली गेली.'

मामा म्हणाले, "अनवधान म्हंजे चुकून ना?"

"हो."

"चुकून कुठं, सर? मेणासाठी चाकू तापवाले पाच मिनिटं लागतेत. आन् तीन फांद्या होत्या."

मी ती ओळ खोडली.

शिक्षकांच्या सभेत माझा विषय शेवटी ठेवला होता. लोक घड्याळं पाहत होते. मामा नेहमीसारखे दाराशी उभे होते, पाण्याचा जग घेऊन. मी म्हणालो, आधी त्यांना बसू द्या. दोघं-तिघं एकमेकांकडे पाहू लागले. जीवशास्त्राचे प्रमुख उठले आणि त्यांनी आपल्या शेजारची खुर्ची ओढली. मामांनी जग टेबलावर ठेवला आणि बसले. मी काड्यापेटी उघडून त्या तीन फांद्या मधोमध ठेवल्या आणि कागद वाचला. मध्ये कुठं थांबलो नाही.

'या तीन फांद्या शेळीच्या फुफ्फुसाच्या आहेत. नमुन्यांत कोणतीही गळती नव्हती. नमुने निर्दोष होते आणि ते करणाऱ्या आमच्या परिचरांनी मला तसं तेव्हाच सांगितलं होतं. माझा नियम खरा ठरावा म्हणून मी त्या चाकू तापवून, जाणूनबुजून कापल्या. त्यांच्या कामाबद्दल मी दिलेला अभिप्राय खोटा होता. नागपूरच्या परिषदेत मी त्यांच्यावर ढकललेला दोष खोटा होता. तो अभिप्राय मी मागे घेत आहे आणि हा कागद त्यांच्या सेवापुस्तकात त्याच पानाला जोडावा अशी विनंती करतो.'

मग मी कागद खाली ठेवला आणि मामांकडे वळलो. हात जोडले नाहीत. त्यांना ते नको होतं.

"मामा, तुम्ही खरं सांगत होता आणि मी तुम्हाला खोटं ठरवलं. मी तुमची माफी मागतो."